तेरणेकडं जाणारा ओढा

तुळजापुरात एका कचेरीत उभी हयात कारकुनी करून निवृत्त झालेले एक काका, आणि शेतात डबे झाकून त्यांच्याशेजारी बसलेल्या काकू, या दोघांचं आधी सांगतो. माझं काय झालं ते मागाहून. नावं लिहीत नाही. काकांना ते आवडायचं नाही, उगाच संकोचतील. पण येळवसच्या दिवशी, पूजा मांडून तयार असताना, ते एका अनोळखी माणसासाठी पूजेवरून उठले. गुडघ्यात वात असताना मोपेड काढली आणि दिवसभर उपाशी फिरले. काकूंनी एकदाही ‘अहो, राहू द्या’ म्हटलं नाही. हे आधी लिहिलं नाही तर माझ्या दमण्याच्या रडगाण्यात ते राहून जाईल, म्हणून पहिल्यांदा तेच.

मी कोकणातला, घाटाच्या पायथ्याच्या गावचा. सातवीनंतर शाळा सुटली. कुणी काढली नाही. आठवीचा वर्ग नदीपलीकडं होता, एक पावसाळा घरी बसलो आणि मग जायची लाजच वाटायला लागली. तेव्हापासून मिळेल ते काम. पवनचक्क्या उभारणाऱ्या क्रेनबरोबर हेल्पर म्हणून फिरत फिरत धाराशिव जिल्ह्यात आलो. क्रेन पुढं गेली, मी इथंच राहिलो. डोंगराच्या पायथ्याशी कुंपण घातलेलं एक आवार आहे, तिथं पवनचक्कीची पाती आणि बाकीचं सामान ठेवतात. त्या आवाराच्या गेटवर मी रात्रपाळीचा वॉचमन.

माझा स्वभाव धास्तीचा. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो. गेटवर कॅमेरा आहे, तो लांबच्या ऑफिसात दिसतो, आणि खुर्ची दहा मिनिटं रिकामी दिसली की फोन येतो. असा फोन मला दोन वर्षांत एकदाही आलेला नाही. तरी फोन वाजला की मी आधी खुर्चीत बसतो, मग उचलतो.

दिवसपाळीचा माझा जोडीदार इथलाच, पंधरा किलोमीटरवरच्या गावचा. ही नोकरी मला त्याच्यामुळं लागली. क्रेन गेली तेव्हा त्यानंच साहेबाला सांगितलं होतं, “ह्यो कोकण्या ठिवा. भितंय लई, पर झोपत न्हाई.”

त्या साली त्याच्या घरात वाटण्या झाल्या होत्या आणि दोन एकर रान त्याच्या वाट्याला आलं होतं. त्या रानातली ही पहिली येळवस. महिनाभर तो तेवढंच बोलत होता. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. इकडं त्या दिवशी घरची सगळी माणसं रानात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पाच पांडव. रानाच्या मालकानं पूजा करायची, आंबिल रानात शिंपायचं, मग सगळ्यांनी जेवायचं. ज्वारीचं पीठ आणि ताक आंबवून आंबिल करतात. आमच्याकडं असलं काही नाही. म्हणून तो सांगायचा आणि मी मान हलवायचो, पण ते माझ्या डोक्यात नीट शिरलं नव्हतं.

ठरलं होतं ते असं. सकाळी सहाला तो नेहमीसारखा यायचा आणि बारापर्यंत बसायचा. बाराला मी गेट घ्यायचं, ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. बाराला त्याचा चुलतभाऊ गाडी घेऊन येणार आणि त्याला रानात नेणार. खरं तर मी सकाळपासूनच बसलो असतो. त्यानंच नको म्हटलं.

“रातभर जागतूस, पुन्ना उंद्या सकाळपतूर जागायचंय. सा तास झोप काढ. बारापतूर म्या बसतो की.”

ते सहा तास त्यानं मला झोपायला दिले होते. आणि मी डोंगर बघायला गेलो.

आई दर फोनला विचारायची, “तुझ्या तिथं डोंगर आहे ना? वर काय आहे?” दोन वर्षं मला उत्तर देता येत नव्हतं. खुर्चीत बसलं की समोर तोच डोंगर. सकाळी पिवळा, संध्याकाळी तांबडा, त्याच्या माथ्यावर पवनचक्क्यांची रांग. त्या पवनचक्क्यांची पाती माझ्या राखणीतून वर गेलेली, आणि मी मात्र कधी गेलो नाही. दिवसा झोप, रात्री गेट. त्या सकाळी थंडी होती, आकाश स्वच्छ होतं, आणि मला वाटलं, आज नाही तर कधी नाही.

“जरा वर जाऊन येतो,” मी जोडीदाराला म्हटलं.

“झोप की गड्या. डोंगर काय पळून चाललाय का?”

“दहाला खाली येतो.”

“ये बाबा. आजच्या दिवस तरी टायमावर ये.” तो हसतच म्हणाला. मला कधी उशीर झालेला नव्हता, म्हणून हसला.

शेळ्यांची एक वाट वर जात होती. कोकणातला माणूस, मला चढण नवी नाही, पण रात्रभर जागलेल्या पायांना ती नवी वाटली. गवत वाळून कोळ झालेलं, त्याची कुसळं मोज्यांतून आत टोचत होती. बोरी, सीताफळीची खुरटी झाडं, मध्येच एखादा पळस, पान न् पान धुळीनं माखलेलं. आमच्या डोंगरात दहा पावलं पुढचं दिसत नाही. इथं सगळं उघडं, दगड आणि दगडाची सावली. तरी सुंदर होतं. ऊन वर यायला लागलं तसा तो उघडा उतार उजळत गेला, लांब कुठं तरी मोर ओरडला. मी थांबायचो, बघायचो, आणि बघण्याच्या नावाखाली दम खायचो.

साडेआठला कड्यावर पोचलो. खाली बघितलं तर आवार काडेपेटीएवढं, त्यातली पाती पांढऱ्या काड्यांसारखी. गेटपाशी एक ठिपका होता, तो जोडीदार असणार. त्या ठिपक्याला हात केला. फोटो काढले, बरेच काढले, आईसाठी.

मग वळलो, आणि गोंधळलोच. आमच्याकडं डोंगर चढला की माथा येतो, आणि माथ्यापलीकडं उतार. इथं वर गेलो तर वर जमीनच होती. सपाट. डोक्याच्या वर गेलेली ज्वारी, हरभरा, करडई, गाडीवाट, विजेचे खांब. डोंगर म्हणून जो मी दोन वर्षं बघत होतो तो डोंगर नव्हताच, ती एका मोठ्या पठाराची नुसती कड होती. बालाघाट असा आहे हे इथल्या लहान पोरालाही माहीत असेल. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं.

थोडं आत जाऊन बघू म्हणून गाडीवाटेनं निघालो. एक गाव लागलं. चहा मिळेल म्हणून आत शिरलो तर एकही माणूस नाही. दाराला कुलपं, दुकानाची फळी लावलेली, पाराखाली एक कुत्रं झोपलेलं. भर सकाळी गाव असं रिकामं. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? कुणी गेलं. सगळे मातीला गेले असतील. मी आवाज न करता, मान खाली घालून गावातून बाहेर पडलो.

गावाबाहेर आल्यावर कळलं, सगळे रानात होते. ज्वारीतून हसण्याचे आवाज येत होते, धूर निघत होता. एका वावरात कोपीपुढं दहा-पंधरा माणसं गोल करून बसली होती. त्यांची पूजा सकाळीच उरकली होती. तिथल्या एका म्हाताऱ्या मावशींनी मला बघितलं.

“ओ पाव्हणं! कुठं निघालाव उपाशी?”

“नको मावशी, वेळ नाही. बाराला कामावर पोचायचंय.”

“कामावर? आज?” सगळे हसायला लागले. एक जण म्हणाला, “पोलीस मागं लागल्यात का वं? कुणाला सांगत न्हाई, बसा.”

“खरंच नको.”

“ह्ये बगा,” मावशी उठल्याच, “जेवू नका. पर येळवसाला आमच्या रानातनं कोरड्या तोंडानं कुणी गेलेलं न्हाई. तुमी जाऊन आमाला बट्टा लावू नका.”

उभ्या उभ्या तांब्याभर आंबिल प्यायलो. आंबट, गार, लसणाचा वास असलेलं. रात्रीपासून पोटात काही नव्हतं, ते सरळ आतड्यात उतरलं. त्यांनी विचारलं, कुठं जायचंय, वाट दाखवू का? मी म्हटलं, माहीत आहे वाट. डोंगरात वाढलेला माणूस मी, डोंगरात वाट विचारायची लाज वाटली. तेवढी लाज नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दहाला खाली असायचं म्हटलं होतं, परत फिरलो तेव्हाच दहा वाजले होते. कड कुठल्या बाजूला हेच कळेना. ज्वारी दोन्हीकडून उंच, गाडीवाटांना फाटे. पवनचक्की धरून जावं तर चारी बाजूंना पवनचक्क्या, सगळ्या सारख्या. टॉवरवर नंबर असतात, ते मला पाठ आहेत, पण वाचायला बुंध्याशी जावं लागतं. एका टॉवरपाशी गेलो. तो नंबर आमच्या आवारातून गेलेलाच नव्हता.

तेवढ्यात ओढा दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. आमच्याकडं त्याला पऱ्या म्हणतात. रानात चुकलं की पऱ्या धरायचा, हे आम्हाला चालायला लागल्यापासून माहीत. पऱ्या खाली उतरतो, नदीला मिळतो, नदीवर गाव असतं. लहानपणी गुरं हुडकताना मी कितीदा तसाच घरी आलोय. पाणी खाली जातं, आणि खाली माझं आवार. ओढ्याला पाणी फार नव्हतं, डबक्याडबक्यानं होतं, पण कुठल्या बाजूला वाहतंय ते दिसत होतं. धरला ओढा.

चाललो, चाललो. मनात म्हणायचो, आता कडा येईल, आता ओढा खाली पडेल. कडा येईना. ओढा निवांत वळणं घेत, वावरांमधून, हळूहळू उतरत होता. दगडांवरून चालून बुटाचा तळ सुटला. सव्वाअकरा वाजले. मोबाईलला रेंज नाही, आणि फोटो काढून काढून बॅटरी बसत आलेली. एका दगडावर बसलो, म्हटलं दोन मिनिटं. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं होतं.

जाग आली तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती.

तेव्हा जो घाम फुटला तो चढणीलाही फुटला नव्हता. पळत सुटलो. पुढच्या वळणावर ओढ्याकाठी एक लहान वावर होतं, त्यात कोप, आणि कोपीपुढं दोनच माणसं. एक चष्मेवाले काका सोवळ्यासारखं धोतर नेसून बसलेले, हातात पंचपात्र. काकू डब्यांवरची फडकी सारखी करत होत्या. सुरुवातच करायच्या बेतात होते. मी धापा टाकत बांधावर उभा राहिलो.

“काका, हे पाणी कुठं जातं?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “हे? हे तेरणेला. तेरणा पुढं मांजरेला. का बरं?”

मी आवार कुठं ते सांगितलं.

“अहो, ते तर घाटाखाली, त्या अंगाला! तिकडचं पाणी सीनेला जातं. तुम्ही उलटे आलात.” मग पंचपात्र खाली ठेवून त्यांनी बोटानं मातीवर रेघ काढली. “कचेरीत नकाशांच्या गुंडाळ्या माझ्याच ताब्यात असायच्या, म्हणून सांगतो. ही वरची सपाटी. इथं एखाद्या बांधावर पाऊस पडला ना, तर अर्धा सीनेला जातो आणि अर्धा तेरणेला. उभं राहून बघणाराला काही कळत नाही. तुम्ही तो बांध ओलांडलात.”

“अहो, त्याचा चेहरा बघा आधी,” काकू म्हणाल्या. “भूगोल काय सांगताय?”

काकांच्या मोबाईलला रेंज होती. जोडीदाराचा नंबर मला पाठ होता. त्यांनी लावून दिला, स्पीकरवर.

“कोण?”

“मी आहे.”

“आरं कुठं हायस? भाऊ दारात गाडी घिऊन उभाय!”

“चुकलो रे. पलीकडं उतरलो. तेरणेच्या अंगाला.”

त्यानं तिकडं भावाला काहीतरी सांगितलं. मग म्हणाला, “तुला झोपायला सोडलं व्हतं का तेरणा बगायला?” त्यानंच पुढं विचारलं, “किती टाईम लागंल?”

“माहीत नाही.”

“पोरं उपाशी हैत माजी. पूजा झाल्याबिगर आय कुणाला घास लावू देत न्हाई.” आणि फोन ठेवला.

गेट सोडून जा, असं मी त्याला म्हणू शकलो नाही. कॅमेरा होता. त्याची नोकरी जायची, आणि वाटणीत दोनच एकर आलेल्या माणसाला नोकरीची किंमत मला सांगायला नको. मी काकांना विचारलं, रस्त्याला जीप मिळेल का?

“आज? आज जीपवालेही रानात.” ते काकूंकडं बघायला लागले. बोलणं सगळं काकूंनीही ऐकलंच होतं.

“मग काय,” काकू म्हणाल्या, “तुम्ही सोडून या.”

“आणि पूजा?”

“पांडव कुठं जात नाहीत. त्या पोराची लेकरं तिकडं उपाशी बसलीत.”

काका कसेबसे उठले, एक हात गुडघ्यावर, एक कोपीच्या कडब्यावर. मोपेड बांधावर होती. काकूंनी वर्तमानपत्रात बाजरीचे उकडलेले उंडे आणि पालेभाजी-शेंगांची घट्ट भज्जी बांधून माझ्या हातात दिली. “नैवेद्याआधी आम्ही खात नाही, पण तू पाहुणा आहेस, तुला चालतं.” मी पाया पडायला वाकलो तर म्हणाल्या, “पळ, पळ, त्यात वेळ नको.”

रस्त्यानं ते अंतर तीस-बत्तीस किलोमीटर निघालं. जे मी सकाळी दोन पायांवर ओलांडलं होतं त्याला डांबरी रस्ता वळसा घालून जातो. मोपेड दोघांना ओढेना. चढ लागला की मी उतरायचो आणि सुटलेल्या तळाचा बूट फटफट करत शेजारनं चालायचो. रस्त्यावर वाहन म्हणून नाही. दोन्ही बाजूंच्या रानांतून लोक हात करायचे, “या जेवायला!” आणि काका प्रत्येकाला हात वर करून ओरडायचे, “येताना!”

“शिक्षण किती झालंय?” त्यांनी मध्येच विचारलं.

“सातवी.”

“सातवीला पाणलोट येतो की पुस्तकात.”

“असेल काका. त्या दिवशी मी गेलो नसेन.”

ते मोठ्यानं हसले. मग म्हणाले, “झोपू नका हं मागं. पडाल. काहीतरी बोलत राहा.” काय बोलणार? मी आमच्या गावचं बोलत राहिलो, नदीचं, पावसाचं, भाताचं. कोण ऐकतंय आणि काय सांगतोय याचं भान नव्हतं. घाट उतरताना डावीकडं सगळी खालची सपाटी उघडली. निळसर, लांबच लांब, मध्ये तळ्याचं पाणी चमकत होतं. त्या दिवसातलं सगळ्यात देखणं दृश्य ते होतं. मी त्याच्याकडं नीट बघितलंही नाही. पाऊण वाजला, एक वाजला, सव्वा वाजला, एवढंच बघत होतो.

पावणेदोनला गेटवर पोचलो. जोडीदार खुर्चीत बसला होता. अंगात नवा शर्ट, डोक्याला तेल, केस चापून बसवलेले. महिन्याभरापासून सांगत होता तो शर्ट. चुलतभाऊ नव्हता.

“भाऊ गेला. एकपतूर थांबला बिचारा. त्याची बी बायकापोरं तिकडंच.” माझ्याकडं न बघताच तो बोलला. शिव्या देईल असं वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकांनी मोपेड बंद केलीच नव्हती. “बसा मागं,” ते त्याला म्हणाले.

“आं? तुमी? काका, तुमची पूजा बी ऱ्हायली असंल की.”

“तुमचीही राहिलीय. बसा हो, बोलण्यात वेळ जातोय.”

तो बसला. जाताना गेटची चावी त्यानं माझ्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली.

पुढचे चार तास मी गेटवर होतो. समोर डोंगर होता, त्याच्याकडं बघवेना. कागद सोडून दोन घास खाल्ले, बाकीचं पुन्हा बांधून ठेवलं. दोनदा फोन लावला, त्यानं उचलला नाही. एकच विचार फिरत होता. पहिली पूजा दुसऱ्या कुणी केली असेल, तर त्या रानात आयुष्यभर त्याला हेच आठवणार, आणि माझ्यामुळं. अंग ठणकत होतं, डोळे मिटत होते. खुर्चीत बसलो तर झोपेन म्हणून, कॅमेऱ्यात दिसेन असा, उभाच राहिलो.

दिवस बुडताना त्याचा फोन आला.

“झाली.”

“कुणी केली?”

“म्याच. भाऊ करतो म्हणला व्हता, आयनं हात लावू दिला न्हाई. ज्याचं रान त्यानं शिंपावं म्हणली. पोरं उपाशी झोपली व्हती कोपीत, उटवून चारली.” मी तेव्हा कुठं खुर्चीत टेकलो. तोच पुढं म्हणाला, “तुजे त्ये काका जेवले न्हाईत रं. लई म्हणलं, आय पाया पडली. माजी पूजा व्हायचीय म्हणले. घोटभर पानी पिले आन् गेले.”

म्हणजे सकाळपासून तोपर्यंत तो सत्तरीचा माणूस उपाशी होता, आणि अजून तीसेक किलोमीटर जायचा होता.

आठ दिवस जोडीदार माझ्याशी कामापुरतंच बोलला. नवव्या दिवशी सकाळी पाळी बदलताना म्हणाला, “आता वरचं काय बगितलं त्ये तरी सांग की, येवढा घोळ घातलास तर.” मी सांगायला लागलो, कड, ज्वारी, रिकामं गाव. मातीला गेले असतील असं मला वाटलं होतं हे ऐकून तो इतका हसला की खुर्चीवरून उठला. मग मला जरा श्वास घेता आला.

काकांचा नंबर त्याच्याच फोनमध्ये सापडला. येळवसच्या दुसऱ्या दिवशी लावायचं धाडस झालं नव्हतं, त्या दिवशी लावला. “काका, तुमची पूजा?” त्यांना मी कोण ते लगेच कळलं. “झाली की हो, दिवेलागणीला. कंदिलाच्या उजेडात केली. ही म्हणाली, पांडवांनाही बदल.” गुडघ्याचं विचारलं तर आधी टाळलं, मग काकूंनीच फोन घेतला. गुडघा सुजला होता, पाच दिवस अंथरुणात होते. मुलं पुण्याला, येळवसला त्यांना सुट्टी मिळत नाही. शेतातला गडी त्या दिवशी स्वतःच्या रानात जातो. म्हणून कोपीच्या पेंढ्याही दरवर्षी काकाच वाहून आणतात आणि काकाच बांधतात. “आता किती वर्षं जमतंय बघायचं,” काकू म्हणाल्या, सहज, भाजीचा भाव सांगावा तशा.

मी फोनवर फक्त ‘हो, हो’ म्हणालो. आभार मानायला मला जमत नाही. येणारी येळवस जोडीदाराची आहे, त्या दिवशी सकाळ-रात्र गेट माझं, हे मी त्याला आधीच सांगून टाकलंय. पण त्यानंतरच्या एखाद्या साली, नोकरी टिकली आणि मी इथंच असलो तर, आदल्या दिवशी रजा घेऊन मी काकांच्या रानात जाईन. कोणत्या बाजूनं जायचं ते विचारून जाईन. पेंढ्या मी आणीन, कोप मी बांधीन, आंबिलाचं मडकं घेऊन रानाच्या चारी बाजूंनी मी फिरेन, आणि काकांनी त्या दिवशी फक्त पूजा करून वेळेवर जेवायचं. काका, हे तुम्हाला फोनवर बोललो नाही. इथं लिहून देतो.